समुद्रावरील नौका आणि घरातील नकाशा

लांब पल्ल्याच्या सागरप्रवासाची हकीकत सांगताना नौकेवरील माणसाचाच विचार सामान्यतः केला जातो. लाटा, वादळे, एकांत, थकवा आणि अखेरीस परतीचे बंदर असा त्या हकिकतीचा क्रम असतो. परंतु प्रत्येक अशा प्रवासाबरोबर आणखी एक प्रवास चालू असतो आणि तो घरी बसून केला जातो. तो करणाऱ्यांपाशी नौका नसते. एक नकाशा, काही आकडे आणि अधूनमधून येणारा संदेश एवढेच त्यांच्या हाती असते. ह्या तुटपुंज्या साधनांवरून आपला माणूस कोठे आहे, कसा आहे आणि त्याला मदतीची गरज आहे किंवा नाही, हे त्यांना ओळखावे लागते. हे ओळखणे शिकता येण्यासारखे आहे. ते ज्यांना येते त्यांची निष्कारण काळजी पुष्कळ कमी होते आणि खरोखरीच्या संकटाच्या वेळी त्यांचा उपयोगही होतो.

अशा कुटुंबांना समुद्र जवळ असतोच असे नाही. आनेकल हे बंगळूर शहर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव घ्या. ते समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर असून बंगालच्या उपसागराचा सर्वांत जवळचा किनारा तेथून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. महाराष्ट्रात फलटणजवळचे विंचुर्णी हे गावही असेच घाटमाथ्याच्या पलीकडचे, कमी पावसाच्या प्रदेशातील. तरीही एका भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना ज्यांनी मांडली आणि तडीस नेली, ते निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी ह्याच विंचुर्णीत राहत होते. आणि खोल समुद्रातून आलेला संकटाचा इशारा भारतात ज्या केंद्रात पोहोचतो, ते केंद्र आनेकलच्याच जिल्ह्यात आहे. त्याची माहिती पुढे येईल.

बातमी येण्याचे जुने मार्ग

कोकणच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की गलबते आणि मचवे बाहेर पडत. गेलेल्या तांडेलाची बातमी घरी यावयाची ती दुसऱ्या गलबताबरोबर. अमुक बंदरात अमुक दिवशी नौका दिसली होती, माल उतरवीत होती, सर्वजण खुशाल होते, असा तोंडी निरोप येई. तो पोहोचेपर्यंत कित्येक दिवस उलटून गेलेले असत. म्हणजे घरच्यांना कळत असे ती भूतकाळातील खुशाली. आजची खुशाली त्यांना अनुमानाने ठरवावी लागे. वारा कोणता आहे, हंगाम कोणता आहे, तांडेल किती अनुभवी आहे, ह्यांवरून घरातील वडीलधारी माणसे नौका केव्हा परत येईल ते सांगत. उशीर झाला म्हणून लगेच वाईट शंका घेण्याची पद्धत नव्हती, कारण शिडाच्या नौकेला उशीर होणे हीच नेहमीची गोष्ट होती.

बिनतारी संदेशाची सोय झाल्यावरही ही स्थिती एकाएकी पालटली नाही. १९६८-६९ मध्ये इंग्लंडहून निघून कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची एक शर्यत झाली. तीत नऊजणांनी भाग घेतला आणि एकच नौका प्रवास पूर्ण करून परतली. ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्यांची ‘सुहैली’ होय. केवळ बत्तीस फूट लांबीची ही नौका मुंबईत, सागवानी लाकडाची बांधलेली होती. १४ जून १९६८ रोजी फालमथ बंदरातून निघालेल्या नॉक्स-जॉन्स्टन ह्यांचे बिनतारी यंत्र वाटेतच निकामी झाले. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ त्यांची गाठ पडली. त्यानंतर थेट एप्रिल १९६९ मध्ये अटलांटिक महासागरात एका तेलवाहू जहाजाने त्यांना पाहिले. मधल्या साडेचार महिन्यांत घरी एकही शब्द आला नव्हता. २२ एप्रिल १९६९ रोजी ते सुखरूप फालमथला परतले. साडेचार महिन्यांच्या त्या मौनाचा अर्थ यंत्र बिघडले आहे, एवढाच होता.

त्याच शर्यतीत ह्याच्या उलट प्रकारही घडला. डोनल्ड क्रोहर्स्ट हे ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ ह्या नौकेतून निघाले. त्यांची नौका महासागरातील वादळांना तोंड देण्याच्या योग्यतेची नव्हती, आणि माघार घेणे त्यांना आर्थिक कारणांमुळे अशक्य वाटत होते. त्यांनी दक्षिण अटलांटिकमध्येच रेंगाळत राहून खोटी स्थाने कळविण्यास आरंभ केला. घरी त्यांची पत्नी आणि चार मुले होती. त्यांना आणि साऱ्या इंग्लंडला नौका वेगाने पुढे जात असल्याचे समजत राहिले. १० जुलै १९६९ रोजी ती नौका समुद्रात रिकामी सापडली. क्रोहर्स्ट ह्यांचा पत्ता पुन्हा कधी लागला नाही. नौकेवरील नोंदवह्यांवरून खरा मार्ग उघड झाला.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. एका घरी काहीच कळत नव्हते आणि माणूस सुखरूप होता; दुसऱ्या घरी चांगली बातमी येत होती आणि माणूस खचत चालला होता. संदेश येणे म्हणजे क्षेम नव्हे आणि संदेश न येणे म्हणजे संकट नव्हे. यंत्रे कितीही सुधारली तरी हा भेद घरच्या माणसांना सतत लक्षात ठेवावा लागतो.

‘म्हादेई’चा प्रवास

भारतीयांच्या दृष्टीने ह्या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण कमांडर दिलीप दोंदे ह्यांचे आहे. भारतीय नौदलातील ह्या मराठी अधिकाऱ्याने ‘सागरपरिक्रमा’ नावाच्या उपक्रमात एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांची नौका गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात बांधण्यात आली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलाच्या स्वाधीन झाली. मांडवीचे वरच्या भागातील नाव म्हादई. त्यावरून नौकेस ‘म्हादेई’ हे नाव मिळाले. तिची लांबी ५६ फूट आहे. दोंदे ह्यांना शिक्षण देणाऱ्यांमध्ये वर उल्लेखिलेले नॉक्स-जॉन्स्टनही होते.

१९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे मे २०१० मध्ये मुंबईस परतले. वाटेत ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन अशी चार बंदरे त्यांनी घेतली. अशा प्रवासास पृथ्वीप्रदक्षिणा म्हणता यावे ह्यासाठी सर्व रेखावृत्ते ओलांडावी लागतात, विषुववृत्त दोनदा पार करावे लागते, अंतर किमान २१,६०० सागरी मैल व्हावे लागते आणि कालव्यांचा आधार घेता येत नाही.

चार बंदरांमुळे ह्या प्रवासाचे पाच टप्पे पडतात. प्रवासाचा मागोवा घेणाऱ्याच्या दृष्टीने ही विभागणी फार उपयोगाची असते. नऊ महिन्यांची काळजी एकदम वाहता येत नाही. एका टप्प्याची वाहता येते. प्रत्येक टप्प्याचा स्वभावही निराळा असतो. मुंबईहून फ्रीमँटलला जाताना विषुववृत्ताजवळचा मंद वाऱ्याचा पट्टा लागतो. तेथे नौका रेंगाळली तर तो नियमच समजावा. लिटल्टन ते पोर्ट स्टॅन्ली हा टप्पा प्रशांत महासागराच्या थंड, वादळी भागातून आणि केप हॉर्नला वळसा घालून जातो; तेथे नौका वेगाने धावते, परंतु धोकाही अधिक असतो. वेग कमी झाला म्हणजे अडचण आणि वेग वाढला म्हणजे सुख, असे समीकरण म्हणूनच मांडता येत नाही.

दोंदे ह्यांच्यानंतर अभिलाष टॉमी ह्यांनी ह्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून, कोठेही न थांबता, ३१ मार्च २०१३ रोजी प्रदक्षिणा पूर्ण केली. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ ह्या काळात लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ नौकेतून, आणि ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ ह्या काळात लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. ह्या दोघींनी त्याच नौकेतून जगाला फेरी घातली. ह्या प्रत्येक प्रवासात किनाऱ्यावर नौदलाचे पथक नौकेवर लक्ष ठेवून होते. त्याशिवाय किनाऱ्यापासून दूर असलेल्या घरांतून, कोणत्याही अधिकाराविना, तोच नकाशा रोज पाहणारी माणसेही होतीच.

आकडे कसे वाचावेत

नौकेचे स्थान तीन आकड्यांनी सांगितले जाते : अक्षांश, रेखांश आणि वेळ. ह्यांपैकी वेळेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि गोंधळ तेथेच सुरू होतो. नौकेची वेळ साधारणपणे जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ‘०२:३०’ अशी नोंद असली तर ती आनेकलमधील सकाळच्या आठ वाजण्याची नोंद होय. ती दुपारी पाहिली तर पाच-सहा तासांपूर्वीचे स्थान पाहिले, हे ध्यानात ठेवावे लागते.

नौकेवर त्या क्षणी दिवस आहे की रात्र, हे रेखांशावरून कळते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. प्रशांत महासागरात ‘पॉइंट निमो’ नावाचे एक स्थान आहे. ते कोणत्याही भूमीपासून सर्वांत दूर असून जवळची बेटे तेथून सुमारे २,६८८ किलोमीटर अंतरावर आहेत. ‘तारिणी’ ३० जानेवारी २०२५ रोजी त्या परिसरातून गेली. हे स्थान सुमारे १२३ अंश पश्चिम रेखांशावर आहे. आनेकलमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा तेथील सूर्यमानाप्रमाणे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सव्वासहा झालेले असतात. घरी दिवस उजाडतो त्या वेळी तिकडे रात्रीची तयारी चालू असते. फोन का उचलला जात नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

अंतर काढण्यास एक सोपा नियम आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. रेखांशाच्या अंशाचे मात्र तसे नाही. विषुववृत्तावर तोही साठ मैलांचा असतो, परंतु ध्रुवाकडे जावे तसतशी रेखावृत्ते जवळ येतात आणि हे अंतर कमी होत जाते. पन्नासाव्या अक्षांशावर एक अंश रेखांश साडेअडतीस मैलांहून किंचित अधिक भरतो. समजा, पन्नास अंश दक्षिण अक्षांशावर नौका काल १५० अंश पश्चिम रेखांशावर होती आणि आज त्याच वेळी १४६ अंशांवर आहे. चार अंश म्हणजे सुमारे १५४ सागरी मैल. चोवीस तासांनी भागले की ताशी सुमारे ६.४ सागरी मैल, म्हणजेच ६.४ नॉट, असा वेग येतो. मध्यम आकाराच्या शिडाच्या नौकेस हा वेग चांगला आहे. शाळेची वही आणि पेन्सिल घेऊन कोणासही हे गणित करता येते. रोज ते करणाऱ्याला आठवडाभरात नौकेची चाल कळू लागते आणि चाल कळली की बिघाडही लवकर कळतो.

नकाशावर दिसणारी रेषा मात्र खरी मानू नये. नौकेवरील यंत्र ठरावीक अंतराने स्थान कळविते. मधला मार्ग नकाशावर सरळ रेषेने जोडलेला असतो. वारा समोरून असला तर शिडाच्या नौकेला नागमोडी जावे लागते. तेव्हा दोन बिंदूंमधील सरळ अंतर शंभर मैल असले तरी नौका त्याहून पुष्कळ अधिक चाललेली असते. वेग कमी वाटतो, श्रम मात्र दुप्पट झालेले असतात.

स्थानाच्या जोडीला वाऱ्याचा नकाशा पाहण्याची सवय लावून घेतली तर आकड्यांना अर्थ येतो. हवेचा दाब समान असलेली स्थळे जोडणाऱ्या समभार रेषा जितक्या जवळ, तितका वारा जोराचा. दक्षिण गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि चाळीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात अशी केंद्रे एकामागून एक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात. नौकेच्या दक्षिणेकडून असे केंद्र जात असता प्रथम वायव्येचा वारा वाढतो आणि नंतर तो एकाएकी नैर्ऋत्येकडे वळतो. वायव्येकडून आलेल्या जुन्या लाटा आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या नव्या लाटा एकमेकींना छेदतात. वाऱ्याचा जोर उतरू लागला असला तरी नौकेला सर्वांत जास्त त्रास ह्याच वेळी होऊ शकतो. हे ठाऊक असलेला माणूस ‘वारा कमी झाला, आता फोन येईल’ अशी घाईची अपेक्षा करीत नाही.

बिंदू थांबतो तेव्हा

नकाशावरचा बिंदू हलेनासा झाला की घरच्यांचा धीर सुटतो. अशा वेळी कारणांचा क्रम ठरलेला असावा. पहिली शक्यता निवाऱ्याची : वारा पडलेला असतो. दुसरी, नौका मुद्दाम थांबविलेली असते. जोराच्या वादळात शिडे आखडती घेऊन आणि सुकाणू बांधून नौका जवळजवळ जागच्या जागी ठेवणे ही जुनी आणि योग्य रीत आहे. तिसरी, नौका चालू असून यंत्र बंद पडलेले असते. नौकेवरची वीज सूर्यप्रकाश, वारा किंवा इंजिन ह्यांपासून तयार होते आणि ती जपून वापरावी लागते. खाऱ्या पाण्याने जोडण्या गंजतात, बॅटऱ्या उतरतात. चौथी शक्यता दुरुस्तीची, आणि ह्या सर्वांनंतर संकटाची.

अचानक बदललेल्या मार्गाचेही असेच आहे. २०१८ मध्ये परतीच्या वाटेवर ‘तारिणी’च्या सुकाणूयंत्रणेत बिघाड झाला आणि ती ठरलेल्या वेळापत्रकात नसलेल्या मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात गेली. नकाशावर पाहणाऱ्याला ती वाट चुकल्यासारखी दिसली असेल. वस्तुतः तो विचारपूर्वक घेतलेला, शहाणपणाचा निर्णय होता. दुरुस्तीनंतर ती २१ मे २०१८ रोजी गोव्यास सुखरूप परतली.

इशारा बंगळुरास कसा पोहोचतो

खरे संकट ओळखण्यासाठी घरच्यांच्या अंदाजावर विसंबण्याचे कारण आज उरलेले नाही. त्यासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय यंत्रणा आहे. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ ह्यांनी १९७९ मध्ये ‘कोस्पास-सारसॅट’ ह्या योजनेस आरंभ केला आणि १९८२ मध्ये तिच्यामुळे पहिल्यांदा माणसांचे प्राण वाचले. नौकेवर एक लहान संकटसूचक यंत्र ठेवलेले असते. ते हाताने चालू करता येते. नौका बुडाल्यास पाण्याच्या दाबाने आपोआप सुटून वर येईल, अशाही प्रकारची यंत्रे असतात. ते ४०६ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर इशारा देते आणि किमान ४८ तास चालू राहते. उपग्रह तो इशारा टिपून पृथ्वीवरील केंद्राकडे पाठवितात.

भारतात असे इशारे ग्रहण करणारी केंद्रे बंगळूर व लखनौ येथे आहेत आणि त्यांचे नियंत्रण बंगळूर येथील भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या दूरमापन व उपग्रह-नियंत्रण केंद्रातून होते. पठारावरच्या ह्या शहरात समुद्रावरील इशारा उमटतो. तेथून तो तटरक्षक दलाच्या शोध व सुटका केंद्राकडे जातो. जगातील महासागर अशा कामासाठी निरनिराळ्या देशांत वाटून दिलेले आहेत. भारताच्या वाट्यास सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र आले आहे. नौका दुसऱ्या देशाच्या क्षेत्रात असली तर सुटकेचे काम तो देश करतो. परंतु यंत्राच्या इशाऱ्यात ते कोणत्या देशात नोंदविलेले आहे ह्याचा संकेत असल्यामुळे त्या देशालाही कळविले जाते.

ह्या नोंदणीत घरच्या माणसांचे एक निश्चित स्थान आहे. प्रत्येक यंत्राचा संकेतांक स्वतंत्र असतो आणि त्यापुढे नौकेचे वर्णन, मालकाचे नाव व आणीबाणीत संपर्क साधावयाच्या व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेले असतात. पुष्कळ इशारे चुकून दिले गेलेले असतात; म्हणून इशारा आला की ह्या क्रमांकांवर विचारणा होते. नौका खरोखर समुद्रात आहे काय? किती माणसे आहेत? रंग कोणता? जीवरक्षक तराफा आहे काय? शेवटचे बोलणे केव्हा झाले? नोंदीतील क्रमांक आनेकलमधल्या एखाद्या घराचा असेल तर हे प्रश्न तेथे येतील, कदाचित मध्यरात्री येतील आणि त्यांची उत्तरे लगेच द्यावी लागतील. ज्याने रोजची वही नीट ठेवली आहे त्याचे उत्तर अशा वेळी शोधपथकाच्या कामी येते.

सप्टेंबर २०१८

ही यंत्रणा कसे काम करते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे अभिलाष टॉमी ह्यांच्या अपघातात दिसून आले. १९६८ च्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी तिची पुनरावृत्ती करण्यात आली. १ जुलै २०१८ रोजी फ्रान्सहून निघालेल्या स्पर्धकांना जुनीच साधने वापरावयाची होती. स्थान काढावयाचे ते सेक्स्टंटने सूर्य व तारे पाहून. सुरक्षिततेसाठी प्रत्येक नौकेवर स्थान कळविणारे यंत्र होते, पण त्यावरील माहिती स्पर्धकास पाहता येत नसे. अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली की नौका कोठे आहे हे नौकेवरच्या माणसापेक्षा घरी बसलेल्यांना अधिक अचूक कळत होते.

टॉमी ह्यांची ‘थुरिया’ ही गोव्यात बांधलेली, ‘सुहैली’च्या धर्तीची नौका होती. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात, पर्थच्या पश्चिमेकडे सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळाने ती उलटीपालटी केली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमी ह्यांच्या पाठीस गंभीर दुखापत झाली आणि त्यांना उठता येईना. एका लघुसंदेशाने त्यांनी हे कळविले. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील केंद्राने शोधकार्याची सूत्रे हाती घेतली. मॉरिशसहून उड्डाण केलेल्या भारतीय नौदलाच्या विमानाने २३ सप्टेंबर रोजी नौका पाहिली. त्याच वादळात स्वतःच्या नौकेची डोलकाठी गमावलेला आयर्लंडचा स्पर्धक ग्रेगर मॅकगुकिन तात्पुरते शीड उभारून त्यांच्याकडे येऊ लागला होता. अखेर २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ ह्या फ्रेंच गस्तनौकेने टॉमी ह्यांना उचलून घेतले. पुढे भारतीय नौदलाच्या ‘सातपुडा’ युद्धनौकेने त्यांना विशाखापट्टणमला आणले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नौका कोठे आहे हे पहिल्या क्षणापासून ठाऊक होते. शोध असा घ्यावाच लागला नाही. तरीही मदत पोहोचण्यास तीन दिवस लागले, कारण जवळचे जहाज तेवढे दूर होते. उपग्रहांनी बातमी येण्याचा वेळ जवळजवळ शून्यावर आणला, पण समुद्राचे अंतर कमी केले नाही. पूर्वी अपघात होऊन गेल्यावर पुष्कळ दिवसांनी तो घरी समजे. आज तो घडत असताना समजतो आणि सुटकेपर्यंतचा प्रत्येक तास घरच्यांना जागेपणी काढावा लागतो. ज्ञान वाढले त्याबरोबर प्रतीक्षेचे ओझेही वाढले, असे म्हणावयास हरकत नाही. टॉमी शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उभे राहिले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या त्याच शर्यतीत एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

निघण्यापूर्वी ठरवावयाच्या गोष्टी

अनुभवी दर्यावर्दी आणि त्यांचे कुटुंबीय काही गोष्टी प्रस्थानापूर्वीच ठरवून ठेवतात. बोलणे केव्हा होईल आणि ते चुकले तर किती वेळ वाट पाहावयाची, ही त्यांतील पहिली. ‘रोज फोन करीन’ हे वचन धोक्याचे असते. ते एकदा मोडले की घरात घबराट उडते. ‘शक्य झाल्यास दर आठवड्याला, दहा दिवस संदेश न आल्यास अमुक व्यक्तीस विचारावे’ असा करार अधिक चांगला. दुसरी गोष्ट, किनाऱ्यावरील पथकाशी बोलणारी व्यक्ती एकच असावी आणि इतरांनी तिच्याकडून माहिती घ्यावी. तिसरी, घरातील आजारपण किंवा मृत्यू ह्यांची बातमी नौकेवर कळवावयाची की नाही, हे जाणाऱ्याला त्याच्या तोंडून विचारून ठेवावे. हजारो मैलांवर एकट्या असलेल्या माणसाला ती बातमी ऐकून परत येता येत नाही. उलट, आपल्यापासून काही लपविले जात आहे ही शंकाही त्याला पोखरू शकते. ह्याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे असेल, पण ते आधी ठरलेले असावे.

बोलणे होईल तेव्हा कसे बोलावे, ह्यालाही महत्त्व आहे. ‘काळजी वाटते’ हे शब्द ऐकून नौकेवरचा माणूस आपल्या अडचणी सांगणे थांबवितो. क्रोहर्स्ट ह्यांच्या उदाहरणावरून असे दिसते की, परत फिरण्याची वाट मोकळी आहे असे ज्याला वाटत नाही, तो खरे सांगू शकत नाही. म्हणून घरच्यांनी द्यावयाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे अपयश स्वीकारण्याची तयारी होय. कोणत्याही बंदरात थांबलास तरी चालेल, एवढे त्याला निश्चित ठाऊक असले पाहिजे.

नकाशावरील बिंदू स्थान सांगतो, वेळ सांगतो, त्यावरून वेगही काढता येतो. त्या क्षणी माणूस जागा आहे की झोपलेला, जेवला आहे की उपाशी, आनंदी आहे की खिन्न, हे तो सांगत नाही आणि सांगू शकणारही नाही. ते कळण्यास पूर्वीही माणूस घरी परत यावा लागे आणि आजही तो यावाच लागतो. तोपर्यंत रोज ठरलेल्या वेळी वही उघडून तीन आकडे लिहावेत, कालच्या आकड्यांशी ताडून पाहावेत, वाऱ्याचा नकाशा पाहावा आणि वही मिटून आपल्या कामाला लागावे.